आयोडीनचं मीठ, शेंदेलोण आणि घरात तिघींना थायरॉईड: नक्की कुणाचं ऐकायचं?

मंगळवारपेठकर | सोमवार, रात्री ९:४०
मंडळी, घरात चार दिवस यावरनं वादावादी चालूय म्हणून इथं टाकतोय. आई, बायको आणि वहिनी, तिघींनाही थायरॉईडची गोळी चालू आहे, आईला ७५ ची, बाकी दोघींना ५० आणि २५. परवा फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड आला की आयोडीनचं मीठ म्हणजे हळू चढणारं विष, थायरॉईड त्याच्यामुळंच घराघरात शिरला, शेंदेलोण खा आणि गोळी कायमची सोडा. दादानं तो इतका मनावर घेतला की महाद्वार रोडवरनं दोन किलो गुलाबी मीठ घेऊन आला आणि डब्यातलं होतं ते बेसिनमध्ये ओतलं. वहिनींनी गोळी पण बंद केलीय, म्हणे आता गरज नाही. मला हे पटत नाही पण समोर मांडायला मुद्दा पण नाही. त्यात धाकटी बहीण तिसऱ्या महिन्यात आहे, उलट्या फार होतात म्हणून माहेरी आलीय, ती पण आता तेच मीठ खातेय. कुणाला नीट माहिती असेल तर सांगा, फॉरवर्ड नकोत प्लीज, घरात भरपूर आहेत.

रंकाळ्यावरचा | सोमवार, रात्री ९:५२
दोन किलो? दादांना म्हणावं उरलेलं म्हशीला चाटवायला ठेवा. बाकी आमच्यात पण सेम, आईला आणि दोन्ही मावश्यांना. वाचतोय.

लॅबवाली_राजारामपुरी | सोमवार, रात्री १०:१५
मंगळवारपेठकर, पहिलं काम म्हणजे वहिनींना आज रात्रीच सांगा की उद्यापासनं गोळी परत सुरू करा आणि त्यांच्या डॉक्टरांना एक फोन करा. मीठ बिठ नंतर बघू.

आता कारण. मी लॅबमध्ये आहे, सकाळी उपाशीपोटी येणाऱ्या बायकांच्या चिठ्ठ्यांवर टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) नाही असा दिवस जात नाही. लोक थायरॉईड एकच आजार समजतात तिथंच घोळ होतो. गळ्यातली ती ग्रंथी हार्मोन बनवते त्यासाठी आयोडीन लागतंच, टी४ नावाच्या हार्मोनमध्ये आयोडीनचे चार अणू आणि टी३ मध्ये तीन, नावातच हिशोब आहे. आयोडीन कमी पडलं तर ग्रंथी जास्त जोर लावते, फुगते, तो गलगंड. पण आज शहरात ज्या बायका गोळ्या घेतायत त्यातल्या बऱ्याच जणींचं कारण वेगळंच असतं, शरीराची प्रतिकारशक्तीच स्वतःच्या ग्रंथीवर उलटते. हाशिमोतो नावाच्या जपानी डॉक्टरनं १९१२ साली याचं पहिलं वर्णन केलं म्हणून त्याला हाशिमोतो म्हणतात. अँटी-टीपीओ नावाची टेस्ट असते, ती पॉझिटिव्ह आली की बहुतेक तेच. एकाच घरात तिघी म्हटल्यावर, आई रक्ताची आणि बायको-वहिनी बाहेरच्या, म्हणजे कारण मिठाच्या डब्यात शोधायचा मोह होणारच, पण बायकांमध्ये हा आजार मुळातच पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त आहे.

कोल्हापूरच्या भाषेत सांगायचं तर साखर कारखान्यात ऊस आला नाही तरी साखर निघत नाही आणि मशिनरी मोडली तरी निघत नाही. वहिनींची मशिनरी बिघडलीय, मीठ बदलून ती नीट होणार नाही. गोळीत तयार हार्मोन असतं, ते बंद केलं की लगेच काही वाटत नाही कारण ते रक्तात आठवडाभर तरी रेंगाळतं, मग लोक म्हणतात बघा शेंदेलोणानं बरं झालं. दीड-दोन महिन्यांनी टीएसएच करा मग कळतं.

देशी_विचार | सोमवार, रात्री ११:०४
तुम्ही सगळे ठरवूनच बोलताय. आमच्या पणज्यानं आयुष्यभर खडे मीठ खाल्लं, नव्वदीत गेला, त्याला कुठं थायरॉईड होता? साध्या मिठावर बंदी घालून मोठ्या कंपन्यांच्या पिशव्या खपवल्या ही साधी गोष्ट आहे. पूर्वी रुपया-दोन रुपयाला मिळायचं ते आता कितीला घेताय? सरकारनंच २००० साली ही बंदी उठवली होती, का उठवली ते सांगा. आणि सुप्रीम कोर्टानं पण झापलंय. गरज डोंगरातल्या लोकांना, आणि खायला लावलं सगळ्या देशाला, कोल्हापूरला कशाला?

गडहिंग्लजचे_मास्तर | मंगळवार, सकाळी ७:२०
देशी_विचार, तुमच्या दोन गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्या अर्धवट सांगितल्यामुळं सगळा गैरसमज होतो. पूर्ण सांगतो, जरा लांबेल.

आपल्याकडं याची मोठी चाचणी झाली ती हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात, १९५६ पासनं. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांचे सहकारी, पुढं ते एम्सचे संचालक झाले, त्यांनी खोऱ्याचे तीन भाग केले, साधारण लाखभर वस्ती. एका भागात आयोडाइड घातलेलं मीठ, एकात आयोडेट घातलेलं, आणि एकात नुसतं साधं. पाच-सहा वर्षांनी शाळेतल्या पोरांचे गळे परत तपासले तर आयोडीनवाल्या दोन्ही भागांत गलगंड निम्म्याच्या आसपास उतरला होता आणि साध्या मिठाच्या भागात होता तिथंच. मग तिथंही आयोडीनचं मीठ सुरू केलं. आज आपल्या पिशवीत पोटॅशियम आयोडेट असतं ते त्यातूनच, कारण आपल्या दमट हवेत आयोडाइड लवकर उडून जातं आणि आयोडेट टिकतं.

आणि हे काही आपल्याच सरकारचं डोकं नव्हे. अमेरिकेत डेव्हिड मरीन यांनी १९१७ पासनं ओहायोतल्या ॲक्रन गावात शाळकरी मुलींना आयोडीन देऊन गलगंड थांबतो हे दाखवलं, स्वित्झर्लंडमध्ये १९२२ ला असं मीठ सुरू झालं, मिशिगनमध्ये १९२४ ला. तिथं कुठली भारतीय मिठाची कंपनी होती?

आता कायद्याचं. १९६२ ला गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तो खरंच फक्त डोंगरपट्ट्यापुरता होता. पुढं पाहण्या होत गेल्या तसं दिसलं की मैदानी जिल्हे पण सुटलेले नाहीत, म्हणून १९८३ ला सगळ्या देशासाठी धोरण ठरलं आणि १९८६ पासनं टप्प्याटप्प्यानं राबवलं. १९९२ ला कार्यक्रमाचं नावच बदललं, गलगंड काढून आयोडीन कमतरता विकार केलं, कारण तोपर्यंत लक्षात आलं होतं की गळ्यावरची गाठ हा सगळ्यात दिसणारा पण सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग आहे. खरं नुकसान पोटातल्या पोराच्या मेंदूचं होतं. १९९७ ला खाण्यासाठी साधं मीठ विकायला बंदी, २००० च्या सप्टेंबरात ती उठवली, आणि २००५ ला परत अधिसूचना काढून २००६ पासनं लागू केली. तुम्ही फक्त मधलं पान वाचलंय.

सुप्रीम कोर्टाचा निकाल २०११ चा. कोर्ट म्हणालं की ही बंदी भेसळविरोधी कायद्याखाली बसत नाही, कारण साधं मीठ ही काय भेसळ नव्हे. मुद्दा नियम कुठल्या कायद्याखाली काढला याचा होता. आयोडीन वाईट आहे असं त्या निकालात कुठंही नाही, उलट सहा महिन्यांची मुदत देऊन सरकारला नीट मार्ग काढायला सांगितलं, आणि नंतर अन्न सुरक्षा कायद्याच्या नियमांत ते आलं.

पणजोबांबद्दल एवढंच, त्यांच्या पिढीत टीएसएच मोजायची सोयच नव्हती.

रंकाळ्यावरचा | मंगळवार, सकाळी ७:४१
मास्तर नाद खुळा. पण एक सांगा, मीठ तर समुद्रातनंच येतंय न्हवं? मग त्यात आयोडीन आपोआप नसतंय का?

गडहिंग्लजचे_मास्तर | मंगळवार, सकाळी ८:०५
नावापुरतं असतं. आगरात पाणी आटवून मीठ केलं की समुद्रातलं आयोडीन त्यात जवळजवळ उरत नाही. समुद्रातलं आयोडीन मासळीत आणि शेवाळात साठतं. १८११ ला बर्नार्ड कुर्तुआ नावाच्या फ्रेंच माणसाला आयोडीन सापडलं ते शेवाळाच्या राखेतच. आणि शेंदेलोण तर खाणीतलं, त्याच्या गुलाबी रंगाचा आयोडीनशी काही संबंध नाही, तो रंग लोहाचा.

कोल्हापूरला कशाला, याचं उत्तर जमिनीत आहे. पाऊस आणि पूर जमिनीतलं आयोडीन धुऊन नेतात. गगनबावड्यात, राधानगरीत काय पाऊस पडतो ते तुम्हाला मी सांगायला नको, आणि खाली पंचगंगा-कृष्णेच्या काठाला पूर ठरलेला. जमिनीत नाही म्हणजे भातात नाही, भाजीत नाही, वैरणीत नाही, म्हणून दुधातही कमी.

आशाताई_शिरोळ | मंगळवार, दुपारी २:३०
मी आशा सेविका आहे शिरोळ तालुक्यात. आम्हाला महिन्याला ५० घरातल्या मिठाची तपासणी करायची असते, त्याचे २५ रुपये मिळतात, महिन्याचे हं, घरामागं नव्हे. तेवढ्यात चप्पल पण झिजते. असो.

किट लहान डबीएवढं असतं. पांढऱ्या झाकणात घरातलं मीठ भरायचं, बोटानं सपाट करायचं आणि बाटलीतलं द्रावण एक थेंब टाकायचं. मिनिटाच्या आत रंग बघायचा. पांढरंच राहिलं तर आयोडीन नाही, फिकट जांभळं आलं तर थोडं, गडद निळं-जांभळं आलं तर चांगलं, सोबत रंगाचा कागद असतो त्यावर ०, १५, ३० असे आकडे. रंग आलाच नाही तर लगेच नापास करायचं नसतं, लाल बाटलीतलं दुसरं द्रावण टाकून परत बघायचं, काही मिठात खार जास्त असतो त्यामुळं रंग चढत नाही.

मला दिसतं ते सांगते. पिशवी चांगल्या कंपनीची असली तरी बरणी चुलीच्या कट्ट्यावर, गॅसच्या शेजारी, झाकण उघडं, ओला चमचा आत. अशा घरात रंग फिका येतो. त्याच दुकानातली त्याच कंपनीची पिशवी शेजारच्या घरात घट्ट डब्यात असते तिथं गडद येतो. आणि एक, कागदावर ३० पीपीएम (किलोला ३० मिलिग्रॅम) कारखान्यातनं निघताना असावं आणि ग्राहकाच्या हातात १५ तरी असावं असा नियम आहे, म्हणजे सरकारनंच वाटेत गळतंय हे धरलंय.

मंगळवारपेठकर | मंगळवार, दुपारी ३:१०
ताई भारी माहिती. ही किट आम्हाला मिळेल का, दादासमोर थेंब टाकून दाखवतो.

आशाताई_शिरोळ | मंगळवार, दुपारी ३:२५
तुमच्या वॉर्डातल्या आशाला नाहीतर नागरी आरोग्य केंद्रात सांगा, घरी येऊन करून दाखवतील. गुलाबी मिठावर पण टाकायला सांगा. मी एका घरात टाकला होता, पांढरंच राहिलं, दोन्ही द्रावणांनी. काही कंपन्या त्यात पण आयोडीन घालून विकतात, पिशवीवर लिहिलेलं असतं, तेवढं बघा.

चटणीवाली_काकी | मंगळवार, दुपारी ४:०२
हे सगळं ठीक हाय पण कुणी चटणीचं बोललंच नाही. आपल्यात जेवणातलं मीठ नुसतं डब्यातनं जातंय व्हय? मी उन्हाळ्यात वर्षाची चटणी करतो, किलो मिरचीला पाव किलो तरी मीठ पडतंय, कुणी त्याहून जास्त घालतंय, आणि ते सगळं जाडं मीठ. पिशवीचं बारीक मीठ घातलं की चटणीला पाणी सुटतंय असं आमच्या सासूबाई म्हणायच्या, म्हणून मी पण खडंच घेतो. लोणच्याला खडं, पापडाला खडं, सांडग्याला खडं. मग आमटीला चटणी घातली की वरनं मीठ चिमूटभरच लागतंय. म्हणजे घरात आयोडीनची पिशवी आहे पण पोटात जातंय दुसरंच मीठ.

लॅबवाली_राजारामपुरी | मंगळवार, दुपारी ४:३०
काकी, तुम्ही जे बोललात ते आमच्या कुठल्या पुस्तकात नाही आणि अगदी बरोबर आहे. हिशोब करूया. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं. १५ पीपीएम म्हणजे एका ग्रॅम मिठात १५ मायक्रोग्रॅम. दहा ग्रॅम मीठ खाल्लं तर १५० बरोबर भरले. पण त्यातलं निम्मं चटणी-लोणच्यातनं बिनआयोडीनचं गेलं तर ७५ च. वर फोडणीत, उकळीत थोडं उडतं ते वेगळंच. रस्सा तासभर रटरटत ठेवताना मीठ सुरुवातीलाच घालायचं की उतरवताना, हा पण विचार करण्यासारखा आहे.

देशी_विचार | मंगळवार, संध्याकाळी ६:१५
म्हणजे आता काकीनं चटणी पण चुकीची केली म्हणा. आणि एकीकडं डॉक्टर म्हणतात बीपीसाठी मीठ कमी करा, पाच ग्रॅमच्या वर नको, दुसरीकडं म्हणता मिठातनं आयोडीन घ्या. ठरवा काय ते एकदा.

ओपीडीतला | मंगळवार, रात्री १०:५०
फिजिशियन आहे, दिवसभर वाचत होतो, आता वेळ मिळाला. देशी_विचार यांचा हा प्रश्न चांगला आहे आणि त्याचं उत्तर आहे. मीठ कमी खायला सांगणं आणि मिठात आयोडीन घालणं यात भांडण नाही, लोक मीठ कमी खायला लागले तर मिठातलं आयोडीनचं प्रमाण वाढवता येतं, जागतिक आरोग्य संघटना तेच सांगते. पाच ग्रॅम खाणाऱ्याला ३० पीपीएमच्या मिठातनं १५० मिळतातच. आपल्याकडचा माणूस तसाही आठ-दहा ग्रॅम खातो, त्यामुळं आज तरी ही चिंता बीपीवाल्यांनी करू नये, त्यांनी मीठ कमीच करावं, आणि जे खातील ते आयोडीनचं खावं.

आता फॉरवर्डमध्ये जो एक खरा कण आहे त्याबद्दल, कारण तो नाकारला की लोकांचा आपल्यावरचा विश्वास जातो. आयोडीन जास्त झालं तरी थायरॉईड बिघडतो. चीनमध्ये तीन भागांची तुलना झाली होती, २००६ ला छापून आली, एकात आयोडीन थोडं कमी, एकात गरजेपेक्षा जास्त, एकात फारच जास्त. जास्तवाल्या भागांत सुप्त हायपोथायरॉईड (म्हणजे ग्रंथी कमी चालणं) आणि ती प्रतिकारशक्तीवाली थायरॉईडची सूज जास्त सापडली. डेन्मार्कनं २००० पासनं घरगुती आणि ब्रेडच्या मिठात आयोडीन सक्तीचं केलं, तेव्हा सुरुवातीची काही वर्षं हायपरथायरॉईडचे (ग्रंथी जास्त चालण्याचे) रुग्ण वाढले, आणि नंतर ते पूर्वीपेक्षाही खाली आले. हायपोथायरॉईड मात्र थोडा वाढला. हे सगळं माहीत असूनही डेन्मार्कनं मीठ बंद केलं नाही.

का नाही केलं? कारण दोन्ही बाजूंचं नुकसान सारखं नाही. थोडा हायपोथायरॉईड वाढला तर एक रक्ततपासणी आणि सकाळची एक गोळी. आयोडीन कमी पडलेल्या बाईच्या पोटातल्या बाळाचा मेंदू एकदा मागं राहिला की पुढं कितीही आयोडीन द्या, भरून येत नाही. ज्या भागात तीव्र कमतरता होती तिथल्या लोकांच्या बुद्ध्यांकात सरासरी साडेतेरा गुणांचा फरक आढळला होता, अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला आकडा आहे तो. मिठाचं धोरण त्या बाळासाठी आहे, आपल्या वहिनींसाठी नव्हे, आणि वहिनींचं त्यात नुकसानही नाही.

भारताचं विचाराल तर २०१३ ला आठ शहरांचा एक अभ्यास आला, त्यात मुंबई होती, आपलं कोल्हापूर नव्हतं. मोठ्या माणसांत जवळजवळ ११ टक्के हायपोथायरॉईड. आणि २०१८-१९ च्या देशभरच्या पाहणीत सुमारे ७६ टक्के घरांत पुरेसं आयोडीन असलेलं मीठ सापडलं, लघवीतल्या आयोडीनचा मध्य लिटरला १७३ मायक्रोग्रॅमच्या आसपास. १०० ते १९९ म्हणजे पुरेसं. ३०० च्या वर गेलं असतं तर मी पण फॉरवर्ड पाठवला असता.

तालीम_गडी | बुधवार, सकाळी ६:५५
डॉक्टर, आमच्या जिममधल्या एकानं ऑनलाईन समुद्री शेवाळाच्या गोळ्या मागवल्यात, म्हणतो थायरॉईड नॅचरली क्लीन होतो. घेऊ का? आणि कोबी, फ्लॉवर, बाजरी, साबुदाणा बंद करायला सांगितलंय आईला, तिचे उपवास असतात, ती म्हणती मग मी खाऊ काय?

ओपीडीतला | बुधवार, दुपारी १:४०
शेवाळाच्या गोळ्या अजिबात नकोत. काहींमध्ये एका गोळीत कित्येक दिवसांचं आयोडीन असतं आणि बाटलीवरचा आकडा खरा असेलच असं नाही. जास्त आयोडीन फक्त मिठातनं येत नाही हे लक्षात ठेवा. हृदयाच्या ठोक्यांसाठी अमिओडॅरोन नावाची गोळी असते, तिच्या २०० मिलिग्रॅममध्ये ७५ मिलिग्रॅम आयोडीन, मिलिग्रॅम हं, मायक्रो नव्हे. घरात कुणी म्हातारं माणूस ती घेत असेल तर त्यांचा टीएसएच डॉक्टर अधूनमधून बघतातच. सीटी स्कॅनच्या आधी शिरेतनं देतात त्या औषधात पण भरपूर असतं.

कोबी-फ्लॉवर शिजवून खाल्ला तर काही होत नाही. बाजरीत थायरॉईडच्या कामात आडवे येणारे घटक आहेत हे खरं, पण त्याचा त्रास जिथं आयोडीन आधीच कमी आणि रोज तिन्ही वेळा बाजरीच, तिथं दिसतो. आपल्याकडं ज्वारीची भाकरी, त्यामुळं सोडून द्या. साबुदाणा ज्या कंदाचा, त्या कसाव्यात सायनाइड तयार करणारे घटक असतात, पण साबुदाणा करताना कंद किसून, पाण्यात धुऊन निव्वळ स्टार्च काढतात, त्यात ते जवळजवळ उरत नाहीत. आईंना खिचडी खाऊ द्या. उपवासाला शेंदेलोण चालतं, महिन्याच्या दोन एकादशींनी आयोडीन कमी पडत नाही. फक्त उपवासाचं मीठ रोजच्या डब्यात जाऊ नये.

आणि ज्यांच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी सगळ्यात आधी एक बघा, सकाळी गोळीवर लगेच दुधाचा चहा घेता का? कोल्हापुरात हे नेहमीचं. गोळी उपाशीपोटी पाण्यासोबत, मग अर्धा-पाऊण तास काही नाही. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी चार तासांच्या फरकानं. माझ्याकडं डोस वाढवायला आलेल्या कित्येकांचा टीएसएच नुसतं एवढं पाळून खाली आलाय.

तालीम_गडी | बुधवार, दुपारी २:०५
आई चहाबरोबरच गिळती. आज सांगतो. आभारी.

मंगळवारपेठकर | बुधवार, रात्री ८:३०
अपडेट. वहिनींनी गोळी सुरू केली, त्यांच्या डॉक्टरांनी दीड महिन्यानं टीएसएच सांगितलाय. दुपारी वॉर्डातल्या आशाताई आल्या होत्या, गुलाबी मिठावर थेंब टाकला, शुभ्र. शेजारच्यांच्या घरातनं चमचाभर आणलं, त्यावर टाकला, दोन सेकंदात जांभळं. दादा काही बोलला नाही, पण संध्याकाळी आयोडीनची पिशवी आली. बहिणीचं काय करायचं ते सांगा, तिला थायरॉईड नाही, निदान माहीत तरी नाही.

ओपीडीतला | बुधवार, रात्री ११:१५
गरोदरपणात गरज १५० वरनं २५० मायक्रोग्रॅमवर जाते, कारण पहिले तीन महिने तर बाळ पूर्णपणे आईच्या हार्मोनवरच असतं, त्याची स्वतःची ग्रंथी अजून कामाला लागलेली नसते. शिवाय आईच्या लघवीतनं आयोडीन जास्त जातं. बहिणीला नेहमीचं आयोडीनचं मीठ, दूध, अंडं, मासे खात असेल तर समुद्राचे मासे. उलट्या असतील तेव्हा जे टिकेल ते. आईला थायरॉईड आहे म्हणजे बहिणीचा टीएसएच आताच करून घ्या, पुढच्या व्हिजिटची वाट बघू नका, प्रसूतितज्ज्ञांना सांगा की घरात हिस्ट्री आहे. तिसरा महिना आहे म्हणून म्हणतोय. आणि आधीपासनं गोळी चालू असलेल्या कुणी गरोदर राहिल्या तर त्यांनी त्याच आठवड्यात डॉक्टरांना सांगावं, डोस बहुतेक वेळा वाढवावा लागतो.

बाळ झाल्यावर टाचेतनं रक्ताचा थेंब घेऊन टीएसएच करतात, ती तपासणी तुमच्या हॉस्पिटलमध्ये होते का तेही आताच विचारून ठेवा. होत नसेल तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाहेरच्या लॅबमधनं करून घ्या. जन्मजात थायरॉईड कमी असलेलं बाळ दिसायला अगदी ठणठणीत असतं आणि पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर इतर पोरांसारखंच वाढतं.

देशी_विचार | गुरुवार, सकाळी ९:१०
बाळाचं पटलं. पण माझं म्हणणं तेच, साधं मीठ पण दुकानात असावं, माणसाला निवडता यावं. सक्ती कशाला?

गडहिंग्लजचे_मास्तर | गुरुवार, सकाळी ९:४५
यावर मी तुमच्याशी अर्धा सहमत आहे. सक्तीनं लोक चिडतात आणि मग फॉरवर्ड फिरतात, हे आपण बघतोयच. पण दुकानात दोन पिशव्या ठेवल्या आणि साधी दोन रुपयांनी स्वस्त असली तर गरिबाच्या घरात कुठली जाणार? आणि आयोडीनची गरज सगळ्यात जास्त त्याच घरातल्या सुनेला. २००० ला बंदी उठवल्यावर आयोडीनचं मीठ वापरणारी घरं कमी झाली होती, म्हणून तर परत आणली. निवड ठेवा म्हणणाऱ्याला त्या सुनेचं पण उत्तर द्यावं लागतं.

देशी_विचार | गुरुवार, सकाळी १०:०२
मग स्वस्त करा की आयोडीनचं. रेशनला द्या.

गडहिंग्लजचे_मास्तर | गुरुवार, सकाळी १०:०८
त्यावर मात्र पूर्ण सहमत.

खानावळ_मालक | गुरुवार, दुपारी ३:५०
मंडळी सगळं वाचलं. माझी छोटी खानावळ हाय, पोरं जास्त, नोकरदार, काही एमपीएससीवाल्या मुली दोन्ही वेळा आमच्याकडंच जेवतात. मी पोत्यानं जाडं मीठ आणतो, रश्शाला, भाताला, कणकेला सगळ्याला तेच. आता काकींचं वाचून पोतं बघितलं तर खाली बारीक अक्षरात लिहिलंय, थेट खाण्यासाठी नाही. आता बदललं तर रश्शाची चव बदलती का, लोणचं काळं पडतं का? गिऱ्हाईक लगेच बोलतंय.

चटणीवाली_काकी | गुरुवार, दुपारी ४:२०
भाऊ, मी ह्या वर्षी किलोभर चटणी आयोडीनच्या जाड्या मिठात करून बघितली, रंग तोच, चव तीच, पाणी पण सुटलं नाही. फक्त मीठ आधी कढईत गरम करून कोरडं करतेत तसं करू नका, आयोडीन उडतंय म्हणे. उन्हात वाळवायला पण ठेवू नका.

लॅबवाली_राजारामपुरी | गुरुवार, दुपारी ४:४०
मालक, चवीत-रंगात काही फरक पडत नाही, मिठात आयोडीन असतं किती, किलोला पंधरा-तीस मिलिग्रॅम, चिमटीपेक्षाही कितीतरी कमी. आयोडीन घातलेलं जाडं मीठ पण मिळतं, लक्ष्मीपुरीत धान्याच्या व्यापाऱ्यांना विचारा. पोत्यावर आयोडीनयुक्त असं स्पष्ट लिहिलेलं आणि हसऱ्या सूर्याचं चिन्ह बघा, पॅकिंगची तारीख बघा, फार जुनं नको. आणि स्वयंपाकघरात पोतं ओल्या फरशीवर न ठेवता झाकणाच्या पिंपात काढून ठेवा.

खानावळ_मालक | गुरुवार, संध्याकाळी ५:१५
उद्या बाजाराला जाणारच हाय, आणतो एक पोतं. जुनं उरलंय ते भांडी घासायला.